टेंभरे सरांचा वारा

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जूनमध्ये टेंभरे सर आमच्या गोंदियाच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी स्टाफरूममधली खुर्ची खिशातल्या रुमालाने पुसली आणि रुमाल झटकला तो नेमका माझ्या बाजूला. मी तिथे सहा वर्षांपासून गणित शिकवत होते. सगळी धूळ माझ्या डब्यात गेली. आता हे माफी मागतील म्हणून मी थांबले, तर म्हणाले, "मॅडम, डबा झाकून ठेवत जा." या माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असं मी त्याच क्षणी ठरवलं. पण स्टाफरूम एक, टेबल एक आणि आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. ठरवून काय होतं?

मला तो माणूस आवडला नाही. पुढे बारा वर्षं रोज पाहिला, तरी आवडला नाही. उगीच गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

किडकिडीत अंग, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि गोंदियात कोणी हेल्मेट घालत नव्हतं त्या काळात डोक्यावर हेल्मेट. कुडव्याहून स्कूटरने यायचे. हेल्मेट काढलं की सगळ्यांकडे एकदा नजर फिरवायचे आणि त्या नजरेत आम्ही सगळे नापास व्हायचो. खिशाला लाल पेन. ते फक्त पेपर तपासायलाच वापरायचे असं नाही. वर्तमानपत्र वाचताना त्यातल्या चुकांना गोल करायचे, नोटिसबोर्डावरच्या प्राचार्यांच्या सूचनेलासुद्धा सोडायचे नाहीत. आमचे केमिस्ट्रीचे मिश्रा सर, साधा हिंदीभाषक माणूस, त्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका मोठ्या प्रेमाने सगळ्यांना वाटली. टेंभरे सरांनी दुसऱ्या दिवशी त्यांची पत्रिका परत आणून दिली. चार चुका काढल्या होत्या आणि खाली गुण दिले होते, दहापैकी साडेसहा. मिश्रा सर बिचारे हसले. "टेंभरेजी, पास तो कर दिया ना?" म्हणाले. लग्नाला टेंभरे सर गेले नाहीत.

त्यांचा आवडता शब्द होता पोचट. धानाच्या लोंबीत दाणा भरला नाही, तरी तो वरून दाण्यासारखाच दिसतो, आत मात्र काही नसतं. तो पोचट. टेंभरे सरांच्या लेखी आख्खं जग भरलेल्या आणि पोचट अशा दोन ढिगांत वाटलेलं होतं, आणि भरलेल्यांच्या ढिगात मला तरी त्यांच्याशिवाय कोणी दिसलं नाही. विद्यार्थी पोचट, प्राचार्य पोचट, बोर्डाचं पुस्तक पोचट. गणिताबद्दल त्यांचं मत जरा बरं होतं. गणित म्हणजे त्यांच्या मते कारकुनी. पाहिजे असते, पण कारकुनाला कोणी साहेब म्हणत नाही.

आता एवढा तोरा कशाच्या जोरावर? तर त्यांच्या प्रबंधाच्या. तरुणपणी ते कुठल्याशा मोठ्या संस्थेत संशोधनाला लागले होते. वडील अचानक गेले, शेती पाहायला कोणी नव्हतं, म्हणून सगळं अर्धवट टाकून गावी परतले. मग शाळा, मग तिरोड्याच्या बाजूला एक कॉलेज, मग आमचं. त्या अर्धवट कामाचं गाठोडं त्यांनी कुठेच सोडलं नव्हतं. आमच्याकडे आल्यावर वर्षभरात त्यांनी विद्यापीठात नाव नोंदवलं. विषय होता, महाकाय कृष्णविवरांमधून सुटणारे वारे आणि त्यांचा दीर्घिकांवर होणारा परिणाम. गाईड मिळाले ते स्फटिकांवर काम करणारे. त्यांनी विषय वाचला आणि म्हणाले म्हणे, "तुम्हीच करा, मी सही करीन."

हा विषय मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की आज झोपेतून उठवलं तरी सांगीन. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मधोमध एक कृष्णविवर बसलेलं असतं, लाखो-कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं. लोकांना वाटतं ते नुसतं गिळतं. "पोचट समज!" इथे टेंभरे सर टेबलावर बोट आपटायचे. गिळायच्या आधी वायू त्याच्याभोवती गरगर फिरतो, फिरता फिरता तापतो, भयंकर उजळतो, आणि त्या उजेडाच्या रेट्याने बराचसा वायू आत पडण्याऐवजी बाहेर फेकला जातो. तोच वारा. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने निघतो आणि आख्ख्या दीर्घिकेतून वाहतो. दीर्घिकेच्या मानाने ते कृष्णविवर मोहरीएवढंही नाही, पण गावात किती पोरं जन्माला येणार हे ते ठरवतं. कारण तारे होतात थंड वायूच्या ढगांतून. आणि त्या ढगांचं काय करायचं, ते हा वारा ठरवतो.

एकदा मुलांना आकाशदर्शनाला न्यायचं ठरलं. दिव्यांचा उजेड नको म्हणून आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या बाजूला जायचा बेत होता. टेंभरे सरांनी यायला साफ नकार दिला. प्राचार्य म्हणाले, तुम्ही फिजिक्सवाले, तुम्हीच नाही म्हणता? तर हे म्हणाले, "जे तारे आहेत ते काय पाहायचे? ते तर होऊन गेले. जे झालेच नाहीत त्यांचं बोला. ते का झाले नाहीत, हे कोणाला विचारावंसं वाटत नाही." स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांकडे पाहून हसले. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, आणि या माणसाचं वाक्य डोक्यात राहावं याचाही मला राग आला.

त्यांच्या प्रबंधाचं म्हणणं असं होतं की हा वारा उफणणी करतो. ते पोवार शेतकऱ्याचे चिरंजीव. धान चुरून, मळून झालं की वडील उंच स्टुलावर उभे राहून सुपाने धान सोडायचे आणि हे खाली उभे राहायचे. भूस उडून जायचं, पोचट उडून जायचं, दाणा पायाशी पडायचा. हे चित्र त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की आकाशातही त्यांना खळंच दिसायचं. वारा दीर्घिकेतला हलका, गरम, मेलेल्या ताऱ्यांनी टाकून दिलेला वायू उडवून नेतो. थंड ढग जड असतात, ते जागच्या जागी राहतात. म्हणजे वाऱ्याने दीर्घिका स्वच्छ होते आणि तारे जास्त जोमाने होतात. "खरं ते खाली राहतं, खोटं ते उडून जातं," असं ते म्हणायचे, आणि 'खोटं' म्हणताना आमच्याकडे पाहायचे.

एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी दहा वर्षं घातली. सुट्ट्या घातल्या, प्राचार्यपदासाठी कोणाच्या मागे लागले नाहीत, लोकांत मिसळले नाहीत. कुडव्याच्या त्यांच्या घरावर संगमरवरी पाटी होती. तिच्यावर नावाच्या आधी दोन बोटं जागा कोरी सोडलेली. घरी आलेल्या पाहुण्याला ते स्वतःच सांगायचे, "इथे 'डॉ.' येणार आहे. पुन्हा पाटी करायला नको म्हणून जागा सोडून ठेवली." कॉलेजात त्यावरून इतके विनोद झाले की शेवटी आम्हालाच कंटाळा आला. मिश्रा सर म्हणायचे, "अरे भाई, वो जगह किराये पे दे दो तब तक."

देवरीची गोष्ट सांगितली पाहिजे. तिथल्या एका शाळेने विज्ञान दिनाला टेंभरे सरांना बोलावलं. सोबत मला पाठवलं, मुलींना बरं वाटतं म्हणून. बसमध्ये त्यांनी मांडीवर टेबलफॅन घेतला होता. आमचे म्हातारे शिपाई दशरथभाऊ भूसमिश्रित धानाची पिशवी सांभाळत मागे बसले होते. दोन तास सर एक शब्द बोलले नाहीत. उतरताना मात्र म्हणाले, "मॅडम, तुम्ही मंचावर बसू नका, पोरं तुमच्याकडे पाहतील."

कार्यक्रम पटांगणात होता. समोर शाळेची मुलं, पुढच्या रांगेत सरपंच, गावातली मोठी माणसं. सरांनी कृष्णविवर समजावलं, आणि मी शत्रू असले तरी सांगते, छान समजावलं. मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती. मग फॅन दोन नंबरवर लावून दशरथभाऊंना समोर उभं केलं. भाऊंनी सुपातून धान सोडलं, भूस पलीकडे गेलं, दाणे टेबलावर पडले. "पाहा," सर म्हणाले, "तारे टेबलावर." टाळ्या पडल्या.

सरपंचांना उकडत होतं. ते म्हणाले, "सर, पंखा वाढवा ना जरा, इकडे हवाच येऊन नाही राहिली." सर भाषणात गुंगले होते. दशरथभाऊंनी बिचाऱ्यांनी अदबीने फॅन पाचवर नेला आणि परत सूप हलवलं. झालं! भूस गेलं, त्याच्यामागोमाग दाणेही गेले. सरपंचांच्या डोळ्यांत, सत्काराच्या हारांत, पहिल्या रांगेच्या डोक्यांवर धानच धान. पोरं खिदळायला लागली.

सरांचा चेहरा पांढरा पडला. "दशरथ, अक्कल आहे का? कोणी सांगितलं तुला पंखा वाढवायला?"

"साहेब म्हणले म्हून..." दशरथभाऊ सुपातला उरलेला धान सावरत म्हणाले. "आन् सर, वाराच भल्ला झाला तं धान थोडीच थांबते जी? आमी तं खऱ्यावर वारा जास्त सुटला का उफणणं बंदच ठेवतो."

"तुला कोणी विचारलं? पोचट लेकाचा."

साठीला आलेल्या माणसाला पाचशे पोरांसमोर बोललेला तो शब्द. दशरथभाऊ खाली बसून एकेक दाणा वेचत राहिले. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले, सरांच्या नाही. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. शिकेल मानूस हाय, तेच्या डोस्क्यात दुसरं चालू राह्यते." माझ्या डोक्यात मात्र तेव्हा फक्त सरांचा तिरस्कार होता, दुसरं काही नाही.

त्यानंतर तीनएक वर्षांनी प्रबंध लिहून झाला. सरांनी त्याची एक प्रत माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, तुमच्याकडे वेळ असतो. बेरीज-वजाबाकी एकदा नजरेखालून घाला." बेरीज-वजाबाकी! दोनशे पानं समीकरणं होती. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण मला चुका काढायच्या होत्या. लाल पेनवाल्याच्या चुका काढायची संधी कोण सोडतं?

दिवाळीच्या सुट्टीत रोज दुपारी मी ती पानं घेऊन बसले. आणि कबूल करते, माणूस मूर्ख नव्हता. गणित चोख होतं. प्रत्येक पायरी जिथल्या तिथे. मी चिडून पुढे पुढे जात राहिले आणि चौसष्टाव्या पानावर अडकले. तिथे सरांनी वाऱ्याचा जोर ठरवला होता, आणि तो पुढे शेवटपर्यंत तेवढाच धरला होता. कृष्णविवर खात जातं, वाढत जातं, अब्जावधी वर्षं वाढतं, आणि वारा आपला तेवढ्याचा तेवढा. असं कसं होईल? जितकं जास्त खाईल तितका उजेड जास्त, तितका वारा जास्त. मी कागद घेतला आणि वारा वाढता धरून सरांचंच गणित पुन्हा केलं. अर्ध्या तासात दिसलं. एका मर्यादेपुढे जड ढगही हलायला लागतात. थंड वायूही निघून जातो. दीर्घिका स्वच्छ होत नाही, रिकामी होते. जुने तारे म्हातारे होत राहतात आणि नवा एकही जन्मत नाही. देवरीचं पटांगण माझ्या डोळ्यांसमोर आलं. या माणसाने दहा वर्षं फॅन दोन नंबरवर ठेवला होता.

मी पेन्सिलने समासात लिहिलं, "वारा वाढला तर? थंड वायूही जाईल ना?" मला आनंद झाला. खरा, निखळ आनंद. चूक काढल्याचा तर होताच, पण त्याहून मोठा तो कळल्याचा. न झालेले तारे का झाले नाहीत, हे त्या दुपारी मला माझ्या जेवणाच्या टेबलावर कळलं होतं. सरांना कधी सांगते असं झालं होतं. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

सुट्टी संपली आणि मी प्रत घेऊन स्टाफरूममध्ये गेले. दाराशीच सरांचा आवाज ऐकू आला. मिश्रा सरांना सांगत होते, "नाही नाही, विषय त्यांना कुठून कळणार? बेरीज-वजाबाकी दिली आहे फक्त. बायकांचं काम टापटीप असतं, स्वयंपाकासारखं."

मी तशीच वळले आणि रिकाम्या वर्गात जाऊन बसले. प्रत उघडली, पर्समधलं खोडरबर काढलं आणि समासातला प्रश्न खोडून टाकला. नीट, टापटीप खोडला. शेवटच्या पानावर लिहिलं, "गणित तपासलं. बरोबर आहे." शब्दशः ते खोटं नव्हतं. चूक गणितात नव्हतीच. मी ते पान सरांना दाखवलं, त्यांनी मान हलवली. धन्यवाद म्हणाले नाहीत. प्रत मागूनही घेतली नाही, ती माझ्याकडेच राहिली, आणि प्रबंध महिनाभरात विद्यापीठात गेला.

तोंडी परीक्षा नागपूरला होती, सगळ्यांना खुली. सरांनी स्टाफला छापील निमंत्रणं दिली. आम्ही पाच जण सकाळच्या गाडीने गेलो. त्यातल्या दोघांना सीताबर्डीला खरेदी करायची होती, आणि मला टेंभरे सर पडताना पाहायचं होतं. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, हळू बोलणारे होते. त्यांनी सरांचं मनापासून कौतुक केलं. छोट्या गावात बसून एवढं काम, एकट्याने, आणि तेही अशा विषयावर. टेंभरे सर कौतुक ऐकतानाही त्यांच्या चुका काढतायत असा चेहरा करून उभे होते. मग परीक्षकांनी विचारलं, "एक सांगा. सर्वांत मोठी कृष्णविवरं ज्या दीर्घिकांत आहेत, तिथे तुमच्या हिशेबाने सर्वांत जास्त तारे व्हायला हवेत. तिथे तर नवे तारे जवळजवळ दिसतच नाहीत. असं का?"

"ते अपवाद आहेत," सर म्हणाले.

"सगळेच?"

 परीक्षक पानं उलटत चौसष्टवर आले. "इथे तुम्ही वारा एकसारखा धरला आहे. तो वाढत नाही का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाला उत्तर शोधताना पाहिलं. ते फळ्याकडे गेले, खडू उचलला, परत ठेवला. मग वळून त्यांनी श्रोत्यांत पाहिलं आणि बोट थेट माझ्याकडे केलं. "सर, गणित मी तपासून घेतलं आहे. या आमच्या कॉलेजच्या गणिताच्या मॅडम. यांच्या नजरेतून चूक सुटत नाही. जिल्ह्यात यांच्यासारखं गणित कोणाचं नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. परीक्षकांनी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुठे काही खटकलं होतं?"

मी उभी राहिले. अजूनही बोलता आलं असतं. "नाही सर," मी म्हणाले. "गणित बरोबर आहे."

प्रबंध सुधारून वर्षभरात पुन्हा द्यावा, असा निकाल लागला. गाडीत सर खिडकीशी बसले, फाईल मांडीवर. भंडाऱ्याच्या पुढे कुठेतरी ते मिश्रा सरांना म्हणाले, "परीक्षकही पोचट." नेहमी त्यांच्या अशा बोलण्यावर आम्ही मागून हसायचो. त्या दिवशी कोणी हसलं नाही. वर्ष उलटलं, सरांनी प्रबंध पुन्हा सादर केला नाही. ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी मानपत्रातल्या तीन चुका दाखवल्या आणि घरी गेले. मी मोकळा श्वास घेतला असं सगळ्यांना सांगत फिरले.

ते वारले त्याच्या पाच-सहा महिने आधी मी कुडव्याला त्यांच्या घरी गेले. तपासायला दिलेली प्रत माझ्या कपाटात होती आणि कपाट उघडलं की ती दिसायची. परत द्यावी आणि मोकळं व्हावं, एवढंच मनात होतं.

सर व्हरांड्यात बसले होते. खूप वाळले होते. समोर सायबर कॅफेतून काढून आणलेल्या शोधनिबंधांच्या छापील कागदांची चळत. मला बसाही न म्हणता त्यांनी सुरुवात केली. "थंड वायूही जातो, मॅडम. आता दुर्बिणींना दिसून राहिलं आहे. ढगच्या ढग चालले बाहेर. क्वचित कुठे वाऱ्याने ढग दाबले जातात आणि तारे होतातही, पण ते क्वचित. म्हणजे नागपूरचा तो म्हातारा परीक्षक बरोबर होता. आणि मी चौसष्टाव्या पानावर गाढवपणा करून बसलो. गाईडला दिसलं नाही, मला दिसलं नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचं सोडा. तुम्हाला बेरीज-वजाबाकी दिली होती. तुम्हाला कुठून दिसणार?"

मी ते पश्चात्तापाने बोलले असते तर बरं झालं असतं. मी रागाने बोलले. "मला दिसलं होतं."

"काय?"

"वारा वाढतो ते. पान चौसष्टच्या समासात पेन्सिलने लिहिलं होतं. मग खोडलं."

सरांनी चष्मा काढला.  टेंभरेवहिनी चहा ठेवून गेल्या, तेव्हाही सरांची नजर माझ्यावरून हलली नाही. "काऊन?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. रुमाल, दशरथभाऊ, टापटीप, स्वयंपाक, सगळं जिभेवर आलं होतं. त्या वाळलेल्या माणसासमोर त्यातलं एकही कारण मला उच्चारता आलं नाही. ते ओरडतील, हाकलून देतील, अशी वाट पाहत मी उभी राहिले. खरं तर त्यांनी ओरडावं असंच मला वाटत होतं.

त्यांनी प्रत माझ्या हातातून घेतली. चौसष्टावं पान काढलं, समासावरून बोट फिरवलं. शेजारच्या डब्यातून पेन्सिल उचलली आणि दोन्ही माझ्यासमोर सरकवलं. "मंग आता लिहा," ते म्हणाले. "विद्यापीठ गेलं खड्ड्यात. मले फक्त वारा किती झाला का तारे थांबतात तेवढं काढायचं आहे. अन् अक्षर नीट काढा, वाचता आलं पाहिजे."

मी लिहिलं. नीट, वाचता येईल असं लिहिलं. मी प्रश्नचिन्ह देते न देते तोच त्यांनी पान ओढून घेतलं, वाचलं आणि त्याच्याखाली उत्तर मांडायला सुरुवात केली. मी "येते सर" म्हणाले, ते त्यांना ऐकू गेलं नाही. फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं. ते कागदात नाक खुपसून भराभर लिहीत होते, आणि बाकीचे कागद उडू नयेत म्हणून त्यांनी माझा भरलेला कप त्यांच्यावर ठेवला होता.